दीड मीटर भिंत

घरातल्या मोठ्या स्पीकरवर एफएम रेडिओ खणखणीत ऐकायचा तर काय घ्यावं, असं मला कुणी विचारलं की मी 'भिंत' म्हणतो. विचारणारा हिरमुसतो. त्याला एखाद्या जपानी अ‍ॅम्प्लिफायरचं नाव हवं असतं, निदान सोन्याचा मुलामा दिलेली वायर तरी. वस्तू विकत आणली की ऐकण्याची जबाबदारी तिच्यावर टाकून आपण मोकळे होतो. भिंतीची गोष्ट निराळी. ती दुकानात मिळत नाही आणि घरात असते ती आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेली असते.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडची एफएम स्टेशनं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतात. तिथे लहरीची लांबी साधारण तीन मीटर. ती पकडायला तिच्या निम्म्या लांबीची तार लागते, म्हणजे दीड मीटर, जवळजवळ पाच फूट. ही तार बहुतेकांच्या घरी येऊन गेलेली असते. रिसीव्हरच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाचेत, वॉरंटी कार्डाच्या पिशवीत इंग्रजी 'टी'च्या आकाराची एक मरतुकडी वायर असते. एवढ्या महागड्या यंत्राबरोबर असली वायर बघून ग्राहकाला वाटतं, पॅकिंग करणाऱ्याच्या खिशातून पडली असावी. तो ती एक तर थर्माकोलसकट भंगारवाल्याला देतो, नाही तर यंत्राला जोडून मागच्या बाजूला गुंडाळीच्या गुंडाळी सोडून देतो. आणि मग 'एफएमला काही दम नाही हो, नुसती खरखर' असं गावभर सांगत फिरतो.

त्या 'टी'चे दोन्ही हात भिंतीवर ताणून ठोकायचे असतात. तेही मिळेल त्या भिंतीवर चालत नाही. अशा तारेला समोरचं ऐकू येतं, पाठीमागचं ऐकू येतं, पण दोन्ही टोकांच्या दिशेला ती ठार बहिरी असते. तेव्हा जिच्या अंगावर लाटा काटकोनात येऊन आपटतील अशीच भिंत हवी. आमचं घर कोथरूडला, शहर आमच्या पूर्वेला. म्हणजे हॉलची पूर्वेची भिंत, नाही तर पश्चिमेची. पूर्वेला खिडकी आणि तिच्यापुढे मनी प्लँट. पश्चिमेच्या भिंतीवर डावीकडून उजवीकडे आमच्या लग्नातला फोटो, हार घातलेला वडिलांचा फोटो, कालनिर्णय, घड्याळ आणि बायकोने क्लासमध्ये काढलेलं वारली चित्र.

"अहो, हे काय लोंबतंय?"

"अँटेना."

"किती दिवस?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही माहितीपुस्तिकेत दिलेलं नाही. बऱ्याच वाटाघाटींनंतर असं ठरलं की तार वडिलांच्या फोटोमागून जाईल (ते स्वतः रात्रीच्या बातम्या चुकवत नसत, त्यांची हरकत नसावी), लग्नाच्या फोटोच्या खालून जाईल आणि वारलीला स्पर्श करणार नाही. वारलीपाशी आल्यावर उजवा हात काटकोनात खाली वळवावा लागला. तेव्हापासून आमच्या भिंतीवर एक हात आडवा आणि एक हात लोंबता, अशी वाहतूक पोलिसाच्या थाटात अँटेना उभी आहे.

आधीच्या पिढीला हा त्रास नव्हता, कारण घरात रेडिओचं स्थान घटनात्मक होतं. त्याला स्वतःची फळी असायची, फळीवर क्रोशाचा रुमाल, छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल, आणि वर्षाकाठी पोस्टात जाऊन भरायचं लायसन्स. सरकारच पैसे घेतंय म्हटल्यावर एरियलला लोंबतंय म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण लागायचं तेव्हा लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसत, असं जुनी माणसं सांगतात. ते सगळं मीडियम वेव्हवर. आजच्या कानाने ऐकलं तर टेलिफोनवर ऐकल्याचा भास होईल. पण वाड्यांच्या भिंती मातीच्या आणि खांब लाकडाचे असल्यामुळे लाटा कुणाची परवानगी न घेता थेट माजघरापर्यंत येत. आताच्या आरसीसी इमारतीत स्लॅबपासून कॉलमपर्यंत लोखंडी सळ्यांची जाळी, खिडकीला ग्रिल, ग्रिलला डासांची अ‍ॅल्युमिनियमची जाळी. डासांसाठी लावलेली ही जाळी डास सोडून बाकी सगळ्यांना अडवते, हा अनुभव सार्वत्रिक असावा.

तार नीट ताणता आली नाही तर दुसरा उपाय माणसाचा. हा शोध प्रत्येक घरात स्वतंत्रपणे लागतो. तारेचं टोक हातात धरलं की स्टेशन स्वच्छ, सोडलं की खरखर. यात चमत्कार काही नाही. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, आणि खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. त्यातून माणसाची उंची पडते पाच-साडेपाच फूट, एफएमच्या निम्म्या लहरीला जवळजवळ चपखल. विधात्याने माणूस घडवला तेव्हा त्याच्यासमोर एफएमचा नकाशा होता की काय, अशी शंका यावी इतकं हे माप जुळतं.

आमच्याकडे या मापात सगळ्यात नीट बसते ती आत्या. ती दिवाळीला राहायला आली होती. रात्री दहाला छायागीत लागलं. आत्या पाण्याचा तांब्या घेऊन शोकेसपाशी आली आणि एकदम खरखर थांबली. सारंगीचा गज तारेवर टेकलेला ऐकू आला. ती स्वयंपाकघराकडे निघाली, खरखर परत.

"आत्या, जरा तिथेच थांबा."

"का रे, काय सांडलं?"

"काही नाही. एक पाऊल मागे. हां, तिथेच. तांब्या डाव्या हातात घ्या."

आत्या तांब्या डाव्या हातात घेऊन उभी राहिली. तिला जुनी गाणी आवडतात, त्यामुळे एका गाण्यापर्यंत तिने काही म्हटलं नाही. दुसऱ्या गाण्याला तिने शोकेसला टेकायचा प्रयत्न केला, पण टेकल्यावर डावा स्पीकर बिघडत होता. कार्यक्रम संपला तेव्हा ती म्हणाली, "गाणी छान होती हो. पुढच्या वेळी आधी सांगितलंस तर स्टूल घेऊन येते." आत्या गेल्यावर त्याच जागी आम्ही इस्त्रीचं टेबल, छत्र्यांचा स्टँड आणि पितळेची समई ठेवून पाहिली. आत्याची सर कशालाच आली नाही.

आता स्टिरिओ. दोन स्पीकरचे पैसे मोजलेल्या माणसाला 'मोनो' हे बटण म्हणजे घोर अपमान वाटतो. यंत्रावर स्टिरिओचा लाल दिवा लागला की त्याच्या जिवाला स्वस्थता मिळते, मग स्पीकरमधून काहीही येवो. खरा प्रकार असा, की स्टेशन आधी डाव्या-उजव्या बाजूंची बेरीज पाठवतं, आणि दोन्हींतली वजाबाकी वरच्या मजल्यावर, ३८ किलोहर्ट्झच्या आसपास, वेगळी बसवून पाठवतं. १९ किलोहर्ट्झवर एक बारीक खुणेचा सूर सोडलेला असतो. तो सापडला की यंत्र दिवा लावतं आणि बेरीज-वजाबाकी सोडवायला बसतं. वरच्या मजल्यावरून वजाबाकी खाली आणताना तिथला सगळा कचराही खाली येतो. त्यामुळे लाट जरा अशक्त असली की मोनोत स्वच्छ ऐकू येणारं स्टेशन स्टिरिओत फुसफुसायला लागतं.

यातली गंमत अशी, की ज्यासाठी आमच्या वयाची माणसं एफएमपाशी बसतात ती गाणी मुळात एकाच कानाची. पन्नाशीच्या दशकात तलत महमूद गायला तेव्हा हिंदी सिनेमाचं ध्वनिमुद्रण मोनोच होतं. डावीकडे तलत, उजवीकडेही तोच तलत. त्यांची वजाबाकी केली तर हाती शून्य येतं. म्हणजे लाल दिव्याच्या हौसेपायी आपण ऐकतो ती फक्त स्टिरिओ फुसफुस. हे मी एका मित्राला त्याच्या घरी बटण दाबून दाखवलं. मोनो केल्याबरोबर गाणं लख्ख झालं. तो दोन मिनिटं ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण दिवा गेला रे." आणि त्याने दिवा परत लावला.

परदेशी यंत्रांविषयी वेगळं बोललं पाहिजे, कारण कोथरूडमध्ये दर जिन्यात एक तरी मुलगा अमेरिकेत असतो आणि तो कधीतरी भावनेच्या भरात बाबांसाठी रिसीव्हर पाठवतो. आमच्या वरच्या मजल्यावर असा एक आला. पहिला प्रश्न विजेचा. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. त्यासाठी रिसीव्हरपेक्षा जड ट्रान्सफॉर्मर आला. तो गुणगुणतो, म्हणून त्याला पलंगाखाली ठेवलं. मग पुण्याची विविध भारती लावायला गेले, तर ती लागेना. ती आहे १०१ मेगाहर्ट्झवर. अमेरिकेतली सगळी एफएम स्टेशनं विषम दशांशावर असतात, त्यामुळे तिकडचं यंत्र १००.९ वरून उडी मारतं ते थेट १०१.१ वर. मधल्या १०१ ला त्याच्या जगात अस्तित्वच नाही. ९३.५ लागतं, ९८.३ लागतं, कारण ती विषम. बाबांना मात्र हवी एकशे एकच. ते बिचारे कधी डाव्या कुंपणावरून ऐकत, कधी उजव्या. असं काठावरून ऐकलं की बाकी सगळं बरं येतं, पण स, श आणि च फाटतात. 'सांजसमयी' या एका शब्दात दोन ठिकाणी ठिणग्या उडतात.

त्यातूनही एखादं स्टेशन बरोबर लागलंच तर टाळ आणि झांजा घोंगडीखालून वाजल्यागत येतात. यालाही कारण आहे. एफएमवर वरच्या पट्टीतले सूर स्टेशनवरूनच मुद्दाम चढवून पाठवतात आणि घरातलं यंत्र ते तेवढ्याच मापाने उतरवतं. म्हणजे वाटेतली फुसफुसही उतरते. हे उतरवायचं माप आपल्याकडे युरोपाप्रमाणे ५० मायक्रोसेकंदांचं, अमेरिकेत ७५. मग अमेरिकन यंत्र आपल्या टाळांना गरजेपेक्षा जास्त खाली बसवतं. बऱ्याच यंत्रांत देश बदलायची सोय असते. दोन बटणं एकदम दाबून धरायची आणि तशीच धरून यंत्र चालू करायचं, असं पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरांत दिलेलं असतं. पण यंत्र चालू करायला तिसरं बोट लागतं, पलंगाखालचा ट्रान्सफॉर्मर चालू करायला दुसरा माणूस लागतो, आणि मुलाला विचारावं तर तिकडे मध्यरात्र.

एफएमचा जन्मच मुळी खरखरीच्या वैतागातून झाला. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन माणसाने विजांचा कडकडाट, मोटारींच्या ठिणग्या यांना रेडिओतून हाकलायचं ठरवलं आणि १९३३मध्ये एफएमचं पेटंट घेतलं. १९३५मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांच्या सभेत त्याने प्रयोग करून दाखवला. दूरच्या स्टेशनवरून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज पाठवला, कागद चुरगळल्याचा आवाज पाठवला, आणि तो जसाच्या तसा सभागृहात ऐकू आला. आता तेवढाच निर्मळ एफएम मी घरात लावला तर पाणी ओतल्याच्या आवाजावर बायको पहिलं काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. "नळ कुणी उघडा टाकलाय?"

आर्मस्ट्राँगच्या काळात घरात एलईडी बल्ब नव्हते. आता प्रत्येक बल्बच्या, चार्जरच्या, वायफायच्या डबीच्या पोटात विजेचे तुकडे करणारं एक छोटं यंत्र बसलेलं असतं, आणि स्वस्तातल्या मालात त्याची वटवट बाहेर पडू न देणारे भाग गाळलेले असतात. स्टेशन जोरात येत असेल तर या वटवटीचं काही चालत नाही. लाट दुबळी असली की मात्र ती डोकं वर काढते. चोर शोधायची पद्धत सोपी. सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्यायचा, एखादं अंधुक स्टेशन लावायचं आणि घराचा मेन स्विच बंद करायचा. खरखर थांबली तर चोर घरातलाच. मग एक एक फ्यूज चालू करत जायचं. तंत्र शंभर नंबरी, फक्त वेळ चुकीची निवडू नये. रात्री साडेआठला, मालिकेतली सासू दाराआड उभं राहून काहीतरी ऐकत असताना मेन स्विच पाडणाऱ्या माणसाला ध्वनिशास्त्राची कुठलीही सबब मदत करत नाही.

आमच्या घरात चोर निघाला देवघरात. गणपतीत आणलेली रंग बदलणारी माळ, जी 'राहू दे, छान दिसते' म्हणून नंतर काढलीच नव्हती. ट्रान्झिस्टर तिच्याजवळ नेला तर माळेचा रंग निळ्याचा हिरवा झालेला चक्क ऐकू येत होता. आता आरतीच्या वेळी रेडिओ बंद, आणि रेडिओच्या वेळी देव अंधारात, असं आम्ही वाटून घेतलं आहे.

घराबाहेरच्या गोष्टींवर मात्र असा तोडगा चालत नाही. एफएमची लाट सरळ रेषेत चालते आणि आडवं काही आलं की आपटून दुसरीकडे वळते. आम्हाला मनोऱ्याकडून थेट येणारी लाट मिळते, आणि तीच लाट वेताळ टेकडीला, नाही तर एखाद्या उंच इमारतीला धडकून पुन्हा एकदा मिळते. तीनशे मीटरचा वळसा पडला तर दुसरी लाट एक मायक्रोसेकंद मागे राहते. एका मायक्रोसेकंदाने काय होतंय, असं वाटेल. पण दोघी एका तारेवर भेटल्या की एकमेकींना खोडून काढतात, आणि आवाजाला एक विचित्र फाटकेपणा येतो. आवाज मोठा असतो, दिवा लागलेला असतो, सिग्नलच्या काड्या सगळ्या उभ्या असतात, तरी ऐकवत नाही. हा दोष स्टेशन जोरात लागल्याने जात नाही. तार दोन-चार बोटं इकडे-तिकडे सरकवावी लागते, म्हणजे परत वारली.

त्यात समोरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं. चार मजल्यांच्या जागी बारा मजले होणार, आणि सध्या तिथे एक उंच क्रेन उभी आहे. दिवसा तिचा लोखंडी हात आमच्याकडे वळला की निवेदिकेचा आवाज फाटतो, सिमेंटची बादली घेऊन पलीकडे वळला की सुधारतो. काम कुठवर आलंय हे आम्हाला गॅलरीत न जाता कळतं. लोहगावचं विमान डोक्यावरून गेलं की गाणं क्षणभर थरथरतं. बायको म्हणते, "दिल्लीचं लेट आहे आज."

दोन स्टेशनं एकाच आकड्यावर आली तर मीडियम वेव्हवर दोघांचा काला व्हायचा. एफएममध्ये तसं होत नाही. जो वरचढ तो सगळंच घेतो, दुसऱ्याचा मागमूसही राहत नाही. याचं प्रात्यक्षिक बघायचं तर मुंबई-पुणे रस्त्यावर गाडीत बघावं. ९८.३ मुंबईतही आहे आणि पुण्यातही. घाटात एका वळणावर अंधेरीच्या ट्रॅफिकची हळहळ चालू असते, पुढच्या वळणावर तोच वाक्यप्रवाह स्वारगेटला येऊन पोहोचलेला असतो, आणि तिसऱ्या वळणावर परत अंधेरी. ड्रायव्हर गोंधळतो.

या सगळ्यावर भाच्याचा एक कायमचा तोडगा आहे. "मामा, अ‍ॅपवर ऐका ना. विविध भारती येते, सगळं येतं. खरखर झीरो." त्याने माझ्या फोनमध्ये ते घालून दिलं, फोन रिसीव्हरला जोडून दिला आणि हॉलमध्ये भूपाळी सुरू झाली. खरखर खरोखरच झीरो. पण स्वयंपाकघरात बायकोचा ट्रान्झिस्टर तेच स्टेशन लावून बसला होता. इंटरनेटवरचा आवाज वाटेत थांबत थांबत येतो, त्यामुळे ट्रान्झिस्टरमधली बाई एक ओळ संपवून पुढे गेली की मग हॉलमधली बाई ती ओळ उचलायची. मी जेवणाच्या टेबलाशी, दोघींच्या मधोमध, चहा घेत होतो. पोळपाटापाशी बातम्या संपल्या तेव्हा हॉलमध्ये पंतप्रधान अजून बोलत होते. बायको आतून ओरडली, "तुमचं घड्याळ मागे आहे." एफएमची लाट मनोऱ्यावरून सुटते ती प्रकाशाच्या वेगाने, पोळपाट आणि हॉल असा भेद न करता पोहोचते. आठच्या बातम्या आठला लागतात. ज्याने आयुष्यभर आकाशवाणीवर घड्याळं लावली त्याला अ‍ॅपवरचे आठ परके वाटतात.

सगळं जमून आलं, तार ताणली, माळ बंद केली, क्रेनवाला जेवायला गेला, की जे काही ऐकू येतं त्याविषयीही बोललं पाहिजे. एफएममधून १५ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर सुखरूप येऊ शकतात, पण स्टेशनवरून तेवढं निघालं तर ना! बहुतेक ठिकाणी गाण्यातली कुजबुज आणि किंकाळी दाबून एकाच उंचीची केलेली असते, गर्दीच्या रस्त्यावर गाडीत ऐकू यावी म्हणून. त्यामुळे इतक्या खटपटीनंतर माझ्या दोन्ही स्पीकरमधून, कुठलाही सूर न गमावता, पिरंगुटच्या वन बीएचकेची जाहिरात येते. 'नियम व अटी लागू' हे शब्द श्वास न घेता म्हणणारा माणूस शेवटी श्वास घेतो, तोही ऐकू येतो. तो श्वास आणखी स्वच्छ ऐकू यावा म्हणून मी शेवटी गच्चीवर अँटेना लावायचं ठरवलं.

तपकीर गल्लीत एफएमची अँटेना मागितली तर दुकानदाराने आधी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या तारखेकडे पाहिलं. "एफएमची? कुणासाठी?" स्वतःसाठी म्हटल्यावर त्याने माळ्यावरून टीव्हीच्या जमान्यातली एक काढली. तिचं माप एफएमचं नाही, असं मी म्हणालो. "मग कशाला विचारता?" असं म्हणून त्याने ती परत माळ्यावर टाकली. पण माणूस आतून चांगला. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्या कुठे मिळतील, यागी नावाच्या जपान्याच्या पद्धतीने त्या कशा मांडायच्या, तीनशे ओहमची अँटेना पंचाहत्तर ओहमच्या केबलला जोडायची डबी कुठली, हे त्याने पावतीच्या मागे काढून दिलं. ती डबी नाही लावली तर वर मिळवलेलं बरंचसं वाटेत सांडतं, हेही सांगितलं. पैसे डबीचेच घेतले.

गच्ची मात्र सोसायटीची. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ती नेहमीप्रमाणे पितृपंधरवड्यात आली. सेक्रेटरींनी विषय वाचला. "गच्चीवर रेडिओची अँटेना बसवणे."

"रेडिओ अजून असतो?" एकजण म्हणाले.

"वीज किती खाते?" खजिनदार.

"काहीच नाही."

"मग चालते कशावर?"

"ती चालत नाही. उभी असते."

"त्याच्यातून रेडिएशन येतं का?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. ती काही सोडत नाही, फक्त घेते, असं मी म्हणालो. "सगळे असंच म्हणतात," काकू म्हणाल्या. वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय, भोकं पाडू देणार नाही, हा मुद्दा आला. कठड्याला पकड लावतो म्हटलं. उन्हाळ्यात कुरडयांवर सावली पडेल, हा आला. वीज पडेल, हा आला, आणि तो रास्त होता. अर्थिंग करतो म्हटलं. विषय पुढच्या वर्षावर ढकलायची भाषा सुरू झाली होती. इतक्यात तळमजल्यावरचे नाना, जे सभेत चहाखेरीज कशावर मत देत नाहीत, ते म्हणाले, "त्याच्यावर कावळे बसतात का?"

सगळे गप्प झाले.

"पूर्वी टीव्हीचे अँटेने होते तेव्हा हक्काने बसायचे," नाना म्हणाले. "पान ठेवलं की खाली उतरायचे. डिश आल्यापासून बसायला जागाच राहिली नाही, घसरतात तिच्यावरून. परवा पान ठेवून दीड तास उभा होतो. शेवटी रिक्षा करून ओंकारेश्वराला गेलो."

दोन-तीन माना हलल्या. पंधरवडा निम्मा व्हायचा होता आणि बऱ्याच जणांच्या तिथी पुढे होत्या. चेअरमननी चष्मा वर केला. "आडव्या कांड्या किती आहेत?"

"पाच."

"वाढवता येतील?"

येतील, असं मी म्हणालो. कांड्या वाढवल्या की स्टेशनही जास्त ताकदीने लागतं, टेकडीकडून येणारी दुसरी लाट कमी होते, आवाज निवळतो, असंही म्हणालो. हे वाक्य इतिवृत्तात घेतलेलं नाही. 'सभासदांच्या धार्मिक सोयीसाठी गच्चीच्या कठड्यावर आठ कांड्यांची अँटेना उभारण्यात यावी' एवढंच घेतलं आहे, आणि खर्च अर्जदाराने करावा, हे एकमताने.